जागचं न हलता गिरणी चालवणारं इंजिन

इंजिन म्हटलं की आपल्याला आगगाडी आठवते. पण वाफेची सगळी इंजिनं काही पळत नव्हती. काही इंजिनं एका खोलीत पक्क्या पायावर बसवलेली असायची. ती जागची हलत नसत, पण शेकडो यंत्रं हलवत. अशाच इंजिनांवर आपल्या नागपूरची एम्प्रेस मिल चालू झाली. तिची माहिती मी गुरुजींना विचारून आणि पुस्तकं वाचून लिहिली आहे.

वाफेत जोर कुठून येतो?

भाताच्या गंजावरचं झाकण थडथड उडतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. एक पेला पाण्याची सगळी वाफ झाली, तर तिला सुमारे १७०० पेल्यांएवढी जागा लागते. जागा मिळाली नाही की ती ढकलते. इंजिनात एक लोखंडी नळकांडं असतं आणि त्यात घट्ट बसणारा दट्ट्या असतो. वाफ त्या दट्ट्याला पुढे-मागे सरकवते. दट्ट्याला जोडलेला दांडा मोठं चाक फिरवतो. झालं इंजिन!

इंजिनं बनवणारे वॉट आणि बोल्टन

१७१२ साली इंग्लंडात थॉमस न्यूकॉमेन यांनी खाणीतलं पाणी उपसायला वाफेचं इंजिन बनवलं. पण ते कोळसा फार खायचं. पुढे अशा इंजिनाचा एक लहान नमुना जेम्स वॉट यांच्याकडे दुरुस्तीला आला. त्यांनी पाहिलं, की नळकांडं दर वेळी तापतं आणि दर वेळी थंड करावं लागतं. त्यात वाफ वाया जाते. १७६५ साली त्यांना युक्ती सुचली : वाफ थंड करायला वेगळं भांडं ठेवायचं.

युक्ती होती, पण इंजिनं बनवायला पैसा आणि कारागीर पाहिजेत ना! १७७५ साली बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन आणि वॉट यांनी भागीदारी केली. त्यांची अट गंमतशीर होती. नव्या इंजिनामुळे जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा गिऱ्हाइकाने त्यांना द्यायचा. आधी ही इंजिनं फक्त पाणी उपसत. नंतर ती चाक फिरवू लागली आणि कापडाच्या गिरण्यांत गेली.

एक इंजिन किती घोड्यांचं काम करतं, हे वॉट लोकांना समजावून सांगत. आपल्या विहिरीवर ५ एचपीची मोटर असते. एचपी म्हणजे अश्वशक्ती. ७५ किलोचं कापसाचं बोचकं एका सेकंदात एक मीटर वर उचलायला साधारण एक एचपी लागते. आणि बल्बवर ९ वॅट लिहिलेलं असतं, ते नाव याच वॉट यांचं.

आपला कापूस, आपली गिरणी

त्या काळी आपल्याकडचा कापूस गाठी बांधून विलायतेला जाई. तिथे वाफेच्या इंजिनांवर त्याचं कापड होई आणि तेच कापड इकडे विकायला येई. पऱ्हाटी आपली, मेहनत आपली आणि कापड मात्र विकत!

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. जमशेटजी टाटा यांनी मात्र नागपूर निवडलं. कापूस जवळ होता. वरोऱ्याला कोळशाची खाण होती. १८६७ साली नागपूरला रेल्वे आली होती. १८७४ साली कंपनी निघाली. जुम्मा तलावाजवळची जागा दलदलीची होती, ती भर घालून बुजवावी लागली. तेव्हा एक सावकार म्हणाला, हा माणूस सोनं मातीत घालतो आहे. त्याने कर्जच दिलं नाही. पुढे तोच सावकार म्हणाला, याने तर माती घालून सोनं काढलं!

१ जानेवारी १८७७ रोजी मिल सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून मिलला एम्प्रेस हे नाव दिलं. सुरुवातीला सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग होते. त्या काळच्या गिरण्यांत इंजिनाचं चाक फिरलं की छताजवळचे लांब दांडे फिरत. दांड्यांवरच्या चाकांना पट्टे असत. ते पट्टे खालची यंत्रं फिरवत. पण बॉयलरमध्ये कोळसा टाकायला माणूसच लागे. १९०१ साली मिलने कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधी सुरू केला.

आता काय?

२००२ साली मिल बंद झाली. आता तिथे एम्प्रेस मॉल आहे. आमचा कापूस जिनिंगमध्ये जातो, तिथे सरकी निघते आणि रुईच्या गाठी बाहेरगावी जातात. आबाजी म्हणतात, "आपल्या कापसाचं कापड आपल्याला ओळखूसुद्धा येत नाही." मला वाटतं, ते ओळखू आलं पाहिजे.

इंजिन गेलं, पण वाफ गेली नाही. कोराडीच्या वीजकेंद्रात आजही कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. ती वाफ मोठी पाती फिरवते आणि वीज तयार होते. अशाच विजेवर आपल्या विहिरीची मोटर चालते आणि पऱ्हाटीला पाणी मिळतं.

सांगा पाहू!

१) एम्प्रेस मिल किती वर्षं चालली?
२) ५ एचपीची मोटर म्हणजे किती घोडे?
३) तुमच्या घरचा कापूस कुठे जातो? घरी विचारून लिहा.

– इयत्ता ४ थी