मिस्त्रींच्या हाताखाली

साइटवर रुजू व्हायच्या आधी तुझ्या आजोबांचं थोडं ऐकून जा, लेकरा. डिप्लोमा तुझा आहे, पण त्यांच्या हाताखाली घमेलं मी वाहिलंय.

वीट भिजवल्याशिवाय ते हातात धरत नसत. कोरडी वीट मालातलं पाणी शोषते आणि सांध्यात नुसती वाळू उरते. टाकीत टाकली की बुडबुडे येतात, ते थांबले की वीट कामाची. दोन विटा एकमेकींवर वाजवून बघायच्या. आवाज खणखणीत हवा, बद्द नको. वाळू मुठीत दाबून सोडायची. तळव्याला चिखल राहिला तर गाडी परत. गाडीवाला भांडतो, भांडू दे.

स्लॅबच्या दिवशी मात्र मालात पाणी वाढू देऊ नकोस. पातळ माल पसरायला सोपा, म्हणून सगळेच ‘अजून थोडं टाक’ म्हणतात. 50 किलोच्या पोत्याला 25 ते 27 लिटर, वाळू ओली असली तर त्याहून कमी. जास्तीचं पाणी उडून जातं आणि आत भोकं ठेवून जातं. ती भोकं वरून दिसत नाहीत, म्हणूनच भीती.

आजोबांना लिहिता येत नव्हतं, हिशेब तोंडपाठ होता. वाळूची ट्रॉली आली की तुझ्या बापाला टेप धरायला लावायचे: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले शंभर, झाले ब्रास. पोरगा गुणाकार शाळेत कमी आणि ट्रॉलीवर जास्त शिकला. कोपरा काटकोनात आहे का, तेही त्यालाच बघायला सांगायचे. एका दोरीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर, तिरकं अंतर 5 भरलं पाहिजे. खोली मोठी असली तर 6, 8 आणि 10 घे, चूक लवकर कळते.

किल्लारीच्या भूकंपाचं तू पुस्तकात वाचलं असशील. 30 सप्टेंबर 1993, विसर्जनानंतरची पहाट. आमची पिढी माळवदात वाढली. दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंती, आणि गळू नये म्हणून वर दरवर्षी आणखी माती. भार वाढतच गेला. नंतर हे तिकडे कामाला गेले आणि गावोगाव एकच गोष्ट बघून आले: भिंत बाहेरून एक दिसायची, पण आत तिचे दोन पदर सुटे होते आणि मध्ये दगडगोट्यांची भर. हादरा बसला की दोन्ही पदर फाकले. कितीतरी ठिकाणी लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती माणसांवर आल्या. तेव्हापासून दगडी भिंत असली की आरपार जाणारा लांब दगड दोन फूट उंचीला आणि चार फूट लांबीला एक, हे त्यांनी कधी सोडलं नाही. दारं-खिडक्यांच्या डोक्यावरचा काँक्रीटचा पट्टा घरभर सलग न्यायचा, मध्ये कुठेही तोडायचा नाही. मालक म्हणतो, सिमेंट वाचवा. त्याला हसून नाही म्हणायचं. ते हसून म्हणायचे. तुला जमेल का, बघू.

पाणी मारायला सुट्टी नाही. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी कोंडायचं, दहा दिवस तरी. यावरून आमचं किती वाजलंय! ऐन लक्ष्मीपूजनाला हे बादली घेऊन निघाले. मी चिडले, तर पोराला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, चल, दिवे वरून बघू. छोट्या गाळ्याच्या स्लॅबचे टेके सात दिवसांनी निघतात, 15 फुटांच्या वर गाळा असला की चौदा. मालक घाई करेल, तारीख वहीत लिहून ठेव.

सिमेंट कातडी खातं. संध्याकाळी हात स्वच्छ धुऊन खोबरेल लावल्याशिवाय ते तान्ह्या बाळाला घेत नसत, तुलासुद्धा नाही. तू हातमोजे घाल आणि बिगाऱ्यांनाही दे. बायकांना आधी दे, कालवलेला माल त्यांच्याच हाताला जास्त लागतो.

शनिवारी हप्ता वाटून झाल्याशिवाय ते चहालाही बसत नसत. बाजार त्याच दिवशी असतो. पैसे सोमवारी मिळाले तर चूल रविवारी काय करणार?

एक शेवटचं. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी असली की पोरांच्या शिक्षणालाही मदत मिळते. आजोबांना त्यांच्या ठेकेदाराने ‘उद्या या’ म्हणत दाखला कधी दिलाच नाही. आता तसे कागद तुझ्या टेबलावर येतील. कुणी मागायला आला तर हजेरीवही उघड, दिवस मोज आणि तो उभा असतानाच सही करून दे.