‘विल’ शिकवताना

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. मुलांना ‘विल’ अगदी लवकर भेटतो, पण दहावीपर्यंत त्याची नीट ओळख होत नाही. आपल्या मराठीतूनच ती ओळख करून देता येते, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. नव्याने शिकवू लागलेल्यांसाठी हे चार शब्द.

१. ‘विल म्हणजे ईल’ हे सूत्र फळ्यावर लिहू नका. सूत्र सोपं असतं, मुलं ते घट्ट धरून बसतात आणि ‘पाऊस आला तर मॅच होणार नाही’चं इंग्रजी करताना ‘इफ इट विल रेन’ लिहून मोकळी होतात. मी त्यांना त्यांचंच मराठी वाक्य मोठ्याने वाचायला लावते. पाऊस अजून यायचा आहे, तरी आपण ‘आला’ म्हणतो! अट घालताना आपण भविष्यकाळ बाजूला ठेवतो आणि भूतकाळाचं रूप घेतो. इंग्रजीही तो बाजूला ठेवते, फक्त वर्तमानाचं रूप घेते: ‘इफ इट रेन्स’. एवढं लक्षात आलं की नियम पाठ करून घ्यावा लागत नाही.

२. सगळ्यात जास्त वेळ ‘उद्या देते’ला द्या. वही घरी राहिलेली मुलगी म्हणते, ‘मॅडम, उद्या देते.’ इंग्रजीत तिच्या तोंडून ‘आय गिव्ह टुमारो’ येतं. तिचं मराठी चोख आहे, म्हणूनच तसं येतं. त्या क्षणी दिलेला शब्द, मदतीची तयारी हे सगळं आपण वर्तमानकाळात बोलतो: ‘थांबा, मी धरतो’, ‘फोन मी घेते’. इंग्रजीला इथे ‘विल’ हवाच. ‘जाईन’ आणि ‘जाणार आहे’ यांतला फरक तर मुलांना न शिकवता कळतो. ‘मेमध्ये आम्ही गावाला जाणार आहोत’ म्हणजे बेत आधीच ठरलाय, म्हणून तिथे ‘गोइंग टू’. ‘दुकानात कोण जाईल?’ असं आईने विचारल्यावर ‘मी जाईन’ म्हटलं, तर ते आत्ता ठरलं, म्हणून ‘विल’. फळ्याचे दोन भाग करा आणि वाक्यं मुलांकडूनच घ्या. तास कमी पडतो.

३. ‘द डोअर वोन्ट ओपन’चं भाषांतर मुलं ‘दार उघडणार नाही’ असं करतात आणि वाक्यातला जीव जातो. ‘दार उघडेना’ म्हणा! गाडी सुरू होईना, बाळ झोपेना. दार जणू अडूनच बसलंय. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ इच्छा असणे असाच होता, भविष्यकाळाचं काम त्याच्याकडे हळूहळू आलं. नकारात ती जुनी इच्छा अजून दिसते. ‘वोन्ट’मध्ये ‘ओ’ कुठून आला, असं एखादं चौकस मूल विचारतंच. पूर्वी ‘विल’चं ‘वोल’ असंही एक रूप होतं, त्यातला ‘ओ’ इथे उरला.

४. बेल वाजली, ‘दूधवाला असेल.’ दूधवाला आत्ता दारात उभा आहे, भविष्याचा इथे संबंध नाही. इंग्रजीतही ‘दॅट विल बी द मिल्कमन’. सवयीचंही तसंच: आजोबा उठतील, अंगणात खुर्ची टाकतील, तासभर पेपर वाचतील. हा भाग मुलांना आयताच येतो, इथे रेंगाळू नका.

५. ‘आय’ आणि ‘वी’बरोबर ‘शॅल’ हा नियम जॉन वॉलिसने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. आज बोलताना तो फारसा कोणी पाळत नाही. ‘खिडकी उघडू का?’ या अर्थाचा ‘शॅल आय’ मात्र शिकवाच. मोठ्या मुलांना राज्यघटनेचं कलम २१ इंग्रजीतून दाखवा. जीवित आणि स्वातंत्र्य हिरावून घेण्याला तिथे जी मनाई आहे, ती ‘शॅल’ने बांधली आहे.

६. नाम म्हणून ‘विल’ मुलांच्या घरातच असतो. ‘आजोबांनी विल केलंय’ हे त्यांनी ऐकलेलं असतं, ‘विलपॉवर’ही. पुढे कॉमर्सला गेली की ‘गुडविल’ला ‘ख्याती’ म्हणायला शिकतात. मृत्युपत्र म्हणजे आपल्यामागे काय व्हावं याची लिहून ठेवलेली इच्छा. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणीची सक्ती नाही. हे सांगितलं की वर्ग कान टवकारतो. क्रियापदातली इच्छा आणि कागदावरची इच्छा एकाच मुळाच्या, हे त्याच तासाला सांगून टाकावं.

७. राज्यात २००० साली इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधी आम्ही पाचवीत सुरुवात करायचो. अलीकडे इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्दही नको असा आग्रह धरला जातो. मला तो मुळीच पटत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. मुलाजवळ जी भाषा पक्की आहे तीच दाराबाहेर ठेवली, तर ते उभं कशावर राहणार? मी गृहपाठ देते तो घरात ऐकलेली वाक्यं लिहून आणण्याचा. ‘भात शिजेना’, ‘बाबा पोचले असतील’ अशी वाक्यं वह्यांमधून येतात. एकदा एका मुलीने ‘लाईट आली की करते’ असं आणलं. ते मी आता दरवर्षी घेते, कारण त्यातल्या ‘आली’ला विल चालत नाही आणि ‘करते’ला विल लागतोच.