डाळिंबाची गोळी : खर्च किती, पदरात काय?

वय रोखणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातीत हल्ली ‘युरोलिथिन ए’ हे नाव दिसते, शेजारी डाळिंबाचे चित्र. डाळिंब पिकवणाऱ्या आटपाडीच्या माणसाला ते चित्र घरचे वाटणारच. म्हणून पैसे मोजण्याआधी हिशेब मांडू.

युरोलिथिन डाळिंबात तयार नसते. फळातल्या टॅनिनपासून आपल्या आतड्यातले जिवाणू ते बनवतात. हे टॅनिन सालीत भरपूर, दाण्यांत कमी. पेशीतले निकामी मायटोकॉन्ड्रिया (पेशीची वीजघरे) मोडीत काढायला युरोलिथिन मदत करते. २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांना ते दिलेले सूक्ष्म कृमी सुमारे ४५ टक्के जास्त जगल्याचे आढळले. माणसांचे काय? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ६५ वर्षांपुढच्या ६६ जणांपैकी काहींना चार महिने रोज १००० मिलिग्रॅम दिले, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. स्नायूंचा दम वाढला, पण सहा मिनिटांत चालायच्या अंतरात दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. माणसाचे आयुष्य वाढल्याचा पुरावा अजून नाही.

परदेशी कंपनीची महिन्याची मात्रा शंभर डॉलरच्या आसपास पडते, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये. वर्षाचा खर्च लाखाच्या घरात. उलट, पाव किलोचे भगवा जातीचे एक फळ रोज, असे महिन्याला साडेसात किलो लागेल. दीडशे रुपये किलो धरले तर सव्वाअकराशे. सौद्यातून घेतले, लहान आकाराचे घेतले, तर आणखी कमी. मात्र फळ खाल्ले म्हणून युरोलिथिन मिळेलच असे नाही : रस पाजून केलेल्या एका अभ्यासात सुमारे ४० टक्के लोकांच्याच शरीरात ते पुरेसे बनले. डाळिंब चवीसाठी, दाण्यांतल्या चोथ्यासाठी खा. मधुमेह असेल तर रस टाळा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. साल वाळवून पावडर करायच्या फंदात पडू नका. तेल्या रोगासाठी मारलेल्या फवाऱ्यांचा अंश सालीवर राहू शकतो.

वय रोखण्याच्या नावाने मेटफॉर्मिनही सुचवले जाते. गोळी काही रुपयांचीच, पण ती मधुमेहाची, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. निरोगी माणसाने मेडिकलमधून स्वतःहून आणू नये.

तरीही युरोलिथिनचा डबा घ्यायचाच असेल, तर त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि एका मात्रेतले मिलिग्रॅम पाहा. ‘डाळिंब अर्क’ लिहिले म्हणजे युरोलिथिन नव्हे. पावती ठेवा, फसवणूक वाटल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.