घरी सोडल्यानंतरची जबाबदारी



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रोगनिदान हे माझे क्षेत्र नव्हे. परंतु रुग्णाला घरी सोडतानाची कागदपत्रे माझ्या टेबलावरून जातात. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेले एखादे मूल घरी निघाले की बिल चुकते होते, खाटेवरील चादर बदलली जाते आणि आमच्या दप्तरी ते प्रकरण मिटते. वास्तविक त्या मुलाच्या दृष्टीने पुढील काही आठवडे व महिने हाच अधिक धोक्याचा काळ असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. अशा संकटातून मूल वाचले, तरी पोलिसांच्या व लोकापवादाच्या भीतीने “चुकून घडले असे लिहा” अशी गळ पालक घालतात. त्यामुळे खरे कारण झाकले जाते व मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्याची वाटच बंद होते. वास्तविक २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला शिक्षा नव्हे, तर उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागते. परंतु तेवढ्याने मूल गुन्हेगार ठरत नाही.

यापुढे काय करावे? जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे उत्तर बोलके आहे. चेन्नईचाही त्यात समावेश होता. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या १,८६७ व्यक्तींपैकी निम्म्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्यासोबत सुमारे एक तासाचे समुपदेशन देऊन पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा दूरध्वनीने वा प्रत्यक्ष भेटून विचारपूस करण्यात आली. पहिल्या गटात २.२ टक्के, तर दुसऱ्यात ०.२ टक्के व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला. हिशेबनीसाच्या नजरेने पाहता, इतक्या अल्प खर्चात एवढे मोठे फळ देणारी बाब विरळाच.

पालकांनी पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात :

१. “जीव द्यावासा वाटतो का?” असे शांतपणे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मूल मोकळे होते.

२. घरातील औषधे व कीटकनाशके कुलपात ठेवावीत.

३. परीक्षेतील गुण वा प्रेमप्रकरण यांवरून बोल लावू नयेत. आधी ऐकून घ्यावे.

४. पुनर्तपासणीची तारीख चुकवू नये. मूल हसू लागले म्हणून औषधे परस्पर बंद करू नयेत.

५. तातडीच्या प्रसंगी मुलाला एकटे न सोडता रुग्णालयात आणावे. ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

शेवटी दात्यांना एक विनंती. यंत्रसामग्रीसाठी आपण सढळ हाताने देता, त्यावर आपल्या नावाची पाटीही लागते. विचारपूस करणाऱ्या एका प्रशिक्षित समाजसेविकेच्या वेतनावर पाटी लावता येत नाही. तरीही तिच्या नवव्या दूरध्वनीला घरातल्या मुलानेच उत्तर दिले, तर आपली देणगी सत्कारणी लागली असे समजावे.