अभ्यास, चिंता आणि ध्यान : तीन शब्दांच्या अर्थच्छटा

मराठी घरात मूल शाळेत जाऊ लागले की 'अभ्यास झाला का?' हा प्रश्न सुरू होतो आणि पदवी हाती पडेपर्यंत तो पाठ सोडीत नाही. हिंदी भाषक विद्यार्थी ज्याला 'पढाई' म्हणतो, त्याला मराठी विद्यार्थी 'अभ्यास' म्हणतो. हिंदीत 'अभ्यास' म्हणजे मुख्यतः सराव; मराठीत हा शब्द पुस्तक, पाठांतर आणि परीक्षा यांच्याशी जोडला गेला. एकाच संस्कृत शब्दाने दोन भगिनीभाषांत घेतलेली ही दोन वळणे कोशकारापुरतीच महत्त्वाची आहेत असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु शब्दाचा रूढ अर्थ माणसाच्या वर्तनालाही वळण लावतो. हे एका साध्या उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

मराठवाड्यातून दिल्लीस शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास आपला अनुभव सांगितला. सत्रपरीक्षा जवळ आली की त्याची झोप उडे, पोटात कालवाकालव होई, प्रश्नपत्रिका हाती घेताना बोटे थरथरत. वसतिगृहातील एका मित्राच्या सांगण्यावरून त्याने पहाटे वीस मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देण्यास आरंभ केला. मन किती वेळा भरकटले याची तो मनाशी मोजदाद ठेवी. आठव्या दिवशी त्याने बसणे सोडले. कारण विचारता तो म्हणाला, "सर, मला ध्यान जमत नाही. रोज नापासच होतो."

या उत्तरातील 'नापास' हा शब्द विचार करावयास लावतो. परीक्षेच्या भीतीवर उपाय म्हणून त्याने जे हाती घेतले, त्याचीच त्याने परीक्षा केली होती. अभ्यास म्हणजे पार पाडावयाचा पाठ आणि त्याच्या अखेरीस मिळावयाचे गुण, हाच अर्थ लहानपणापासून त्याच्या अंगवळणी पडला होता.

आता याच शब्दाचा शास्त्रीय अर्थ पाहू. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्तवृत्तींचा निरोध साधण्याची दोन साधने सांगितली आहेत : अभ्यास आणि वैराग्य. तेथे अभ्यास म्हणजे चित्त स्थिर राहावे यासाठी केलेला यत्न. तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरपूर्वक केल्यास दृढ होतो, असे सूत्रकार म्हणतो. म्हणजे व्याख्या यत्नाची आहे, यशाची नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलतेची तक्रार करतो तेव्हा श्रीकृष्ण ती नाकारीत नाही. मन आवरण्यास कठीण आहे हे मान्य करून तो अभ्यास आणि वैराग्य हाच उपाय सांगतो. त्याआधी त्याच अध्यायात, मन जेथून जेथून बाहेर धावेल तेथून तेथून त्याला परत आणावे, अशी सूचना आहे. मन धावणार हे तिच्यात गृहीतच धरलेले आहे. मनाचे धावणे हा साधनेचा भंग मानला, तर परत आणण्याच्या सूचनेला अर्थच उरत नाही.

या प्रसंगावरील ज्ञानेश्वरांचे भाष्य मराठी वाचकाने विशेष लक्ष देऊन पाहावे असे आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत सहाव्या अध्यायाचा विस्तार मोठा आहे. त्यातील कुंडलिनीच्या वर्णनावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र अर्जुनाच्या तक्रारीला उत्तर देताना ज्ञानेश्वर मनाचा जो एक गुण सांगतात, त्याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. मनाला एकदा जेथे गोडी लागली तेथे ते पुनःपुन्हा जाते, ही त्याची चांगली खोड आहे. म्हणून त्याला आत्मसुखाची चव दाखवावी, असा त्यांचा आशय आहे. ज्या चंचल स्वभावाला अर्जुन दोष देतो, त्यातच ज्ञानेश्वरांना उपायाचे बीज दिसते. समर्थ रामदासांनीही भुजंगप्रयात वृत्तातील २०५ मनाच्या श्लोकांत मनाला शत्रू न मानता सज्जन म्हणून संबोधिले आहे. मनाशी बोलण्याची ही सौजन्याची रीत मराठी भक्तिवाङ्मयाचा मोलाचा ठेवा आहे, आणि स्वतःवर चिडलेल्या तरुणास तिची नितांत गरज आहे.

दुसरा शब्द 'चिंता'. 'चिंता' आणि 'चिंतन' ही दोन्ही रूपे 'चिन्त्' या एकाच धातूपासून झाली. त्या धातूचा मूळ अर्थ केवळ विचार करणे असा आहे. काळाच्या ओघात एका रूपास काळजीचा अर्थ चिकटला आणि दुसऱ्याने मननाचा अर्थ राखला. बाळ नारायण अंधाऱ्या जागी लपून बसला असता आईने विचारल्यावर त्याने आपण विश्वाची काळजी वाहत आहोत असे सांगितले, ही रामदासांच्या बालपणाची परंपरागत कथा या दोन अर्थांच्या सीमेवरची आहे. ज्याला आपण 'काळजी' म्हणतो, त्या शब्दातही असाच दुहेरीपणा आहे. मराठी माणूस काळजी 'करतो' तेव्हा झुरतो आणि काळजी 'घेतो' तेव्हा जपतो. क्रियापद बदलताच अर्थ पालटतो. परीक्षेची काळजी करणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःची काळजी घेण्यास शिकविणे, एवढेच ध्यानाचे प्राथमिक प्रयोजन मानले तरी ते थोडे नाही.

तिसरा शब्द 'ध्यान'. पालीत त्याचे 'झान' झाले, चीनमध्ये 'चान' आणि जपानात 'झेन'. इतका दूरचा प्रवास करणारा हा शब्द मराठीत मात्र घरगुती होऊन राहिला. एखादी गोष्ट आपल्या 'ध्यानात येते', एखादे काम 'ध्यानात राहत नाही'. देवाच्या डोळ्यांत भरणाऱ्या रूपाला आपण ध्यान म्हणतो आणि गबाळ्या माणसाकडे पाहूनही 'काय हे ध्यान!' असे उद्गारतो. यांतील कोणत्याही अर्थात मन रिकामे करणे अभिप्रेत नाही. कशाकडे तरी पाहणे आणि ते मनात धरणे, हे या सर्व अर्थांतील समान सूत्र आहे. 'डोके रिकामे होत नाही' म्हणून निराश झालेल्या विद्यार्थ्याने आपल्याच भाषेला विचारले असते, तर तिने त्याला धीर दिला असता.

आधुनिक काळात ध्यानाचा विचार वैद्यकाच्या अंगाने होऊ लागला. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विश्रांतीची जी सोपी पद्धत मांडली, तिच्यात एका शब्दाची पुनरावृत्ती करावी आणि अन्य विचार आल्यास न चिडता पुन्हा त्या शब्दाकडे वळावे, असे सांगितले आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यक विद्यालयात तणावग्रस्त रुग्णांसाठी सुरू केलेला कार्यक्रम आठ आठवड्यांचा असतो. त्याचाही भर भरकटलेले मन लक्षात येण्यावर आणि ते परत आणण्यावर आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवरील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा आरंभ आनापानाने, म्हणजे श्वासाच्या निरीक्षणानेच होतो. या पद्धतींचे तत्त्वज्ञान आणि हेतू भिन्न आहेत. परत येण्याची क्रिया मात्र समान आहे.

तथापि येथे एक विवेक आवश्यक आहे. पतंजलीने चित्तविक्षेपाचे सोबती म्हणून दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची विषमता यांचा उल्लेख केला आहे. परीक्षागृहातील थरथरत्या बोटांचे हे जुने वर्णन वाटावे इतके ते नेमके आहे. पण त्यानेच व्याधी हा वेगळा अंतराय मानला आहे. झोप, अन्न, जगण्याची इच्छा यांवरच घाला घालणारी चिंता ही वैद्याकडे नेण्याची बाब आहे. तेथे ध्यान उपचाराची जागा घेऊ शकत नाही, आणि काहींना दीर्घ मौनाने त्रास वाढल्याचेही अनुभव आहेत. आहार, विहार, झोप आणि जागरण यांत प्रमाण राखणाऱ्याचाच योग दुःख हरण करतो, असे गीतेचा तोच अध्याय सांगतो. रात्री तीन तास झोपून पहाटे ध्यानास बसणाऱ्या विद्यार्थ्याला आधी हे सांगितले पाहिजे.

अभ्यासाच्या जोडीला सांगितलेले वैराग्य आज बहुधा गळून पडते. विद्यार्थ्याच्या संदर्भात त्याचा अर्थ घरदार सोडणे असा करण्याचे कारण नाही. आजची वीस मिनिटे चांगली गेली की वाईट, याचा हिशेब न ठेवणे, इतके वैराग्य त्याला पुरेसे आहे. किंबहुना ते नसेल, तर अभ्यास पुन्हा शालेय अर्थाकडे घसरतो आणि ध्यानाचाही एक विषय होऊन बसतो.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्यास हे सारे निरनिराळ्या वेळी सांगितले. काही महिन्यांनी तो भेटला तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री अजूनही पोटात कालवते, असे त्याने प्रांजळपणे मान्य केले. ध्यान जमते काय, असे विचारता तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, रोज बसतो." 'जमणे' या क्रियापदाकडून 'बसणे' या क्रियापदाकडे तो आला होता. 'अभ्यास' या शब्दाचा जुना अर्थ त्याने कोशात न पाहताच जाणला होता.