घरातील वायफाय : एक पेटी की दोन?

आमची घरची बोली कोंकणी. बसवकल्याणास प्रथम आलो तेव्हा बाजारात कन्नड व उर्दू कानी पडे आणि पदोपदी दुभाष्याची गरज भासे. घरातील इंटरनेटचेही असेच आहे. बाहेरून येणाऱ्या तारेची भाषा निराळी आणि आपल्या यंत्रांची निराळी. त्या दोहोंमधील दुभाष्या म्हणजे मोडेम. तांब्याच्या तारेऐवजी फायबर, म्हणजे काचेचा तंतू असेल, तर प्रकाशाच्या संदेशांचे रूपांतर करणाऱ्या पेटीस ओएनटी म्हणतात. आलेला मजकूर घरातील ज्याचा त्यास पोहोचविणारा टपालवाला म्हणजे राउटर. वायफायच्या लहरी पसरविण्याचे कामही बहुधा तोच करतो.

ही दोन्ही कामे करणारी एकच पेटी मिळते. तिला जागा थोडी लागते, वीज गेली असता लहान बॅटरीवर ती चालविणे सोपे जाते आणि बिघाड झाल्यास एकाच ठिकाणी विचारपूस करता येते. दोन-तीन खोल्यांच्या घरास ती पुरेशी होय.

मग दोन पेट्या कशासाठी? आमच्या शेजारच्या जुन्या माळवदाच्या घरातील दहावीची मुलगी अभ्यासाला उंबरठ्याशी बसे. आतल्या खोलीत वायफाय पोहोचतच नसे. वडील अधिक पैसे भरून अधिक वेगाची योजना घेण्याच्या विचारात होते. आम्ही पेटीजवळ उभे राहून वेग मोजला, तो पुरेपूर भरला. दोष पुरवठ्याचा नव्हता. मधल्या दगडमातीच्या जाड भिंतींचा होता. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीतून त्या मानाने बरी जाते; ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान खरी, पण भिंतीपुढे लवकर क्षीण होते. तेव्हा जुनी पेटी जागीच ठेवून तिच्यापासून आतल्या खोलीपर्यंत लॅनची तार नेली व तेथे स्वतंत्र राउटर बसविला. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते. मुलगी आता आत बसून अभ्यास करते आणि योजना पूर्वीचीच आहे.

वेगळ्या राउटरचा आणखी एक लाभ असा की, तो जुना झाल्यास तेवढाच बदलता येतो. मात्र एका घरी दोन टपालवाले झाले की कधीकधी घोटाळा होतो. म्हणून इंटरनेट पुरविणाऱ्यास सांगून पहिली पेटी ‘ब्रिज मोड’वर ठेवून घ्यावी, म्हणजे ती केवळ दुभाष्याचे काम करील. शिवाय दोन प्लग लागतात, आणि बिघाड कोणत्या पेटीत आहे ह्याचा शोध आपणांसच घ्यावा लागतो.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी एवढे करा. पेटीजवळ वेग मोजा, मग अभ्यासाच्या खोलीत मोजा. दोन्हीकडे कमी भरला, तर पुरवठा करणाऱ्याकडे तक्रार करावी. केवळ खोलीत कमी भरला, तर प्रथम पेटीची जागा बदलून पाहावी आणि तेवढ्याने न भागल्यास दुसरी पेटी घ्यावी. दोष कोठे आहे हे आधी शोधावे, पैसा मागाहून खर्चावा. प्रयोगशाळेतील हा धडा घरीही तितकाच उपयोगी पडतो.