मनाचे आजार व गावपातळीवरील कार्यकर्त्याचे कर्तव्य

पिकावर रोग दिसताच शेतकरी बांधव पान तोडून जाणत्यास दाखवितात व वेळीच उपाय योजतात. मनाच्या आजाराबाबत मात्र तसे घडत नाही. खिन्न झालेल्या माणसास आळशी म्हटले जाते, किंवा बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेले जाते. यात मोलाचा काळ वाया जातो. नैराश्य हा आजार असून उपचाराने तो बरा होऊ शकतो.

लक्षणे : दोन आठवडे वा अधिक काळ मन उदास राहणे, कामात गोडी न वाटणे, झोप व भूक मोडणे, सतत थकवा, माणसे टाळणे, निरवानिरवीची भाषा. नेटका शेतकरी उभ्या पिकाकडे फिरकेनासा झाला, तर तिकडेही लक्ष द्यावे.

अमरावतीचा अनुभव : अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबविण्यात आला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना शिक्षण देऊन घरोघरी पाठविले व त्यांना डॉक्टरांची जोड दिली. आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी शेकडा सुमारे ४ जण मदत घेत होते; १८ महिन्यांनंतर हे प्रमाण शेकडा २७ वर गेले. ही पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. आजारी माणूस व दवाखाना यांमधील अंतर गावातील ओळखीचा माणूसच तोडू शकतो, हा त्यातील धडा होय.

काय करावे?

१. एकांतात विचारपूस करावी. जीव नकोसा वाटतो काय, हे स्पष्ट विचारण्यास कचरू नये. विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही.

२. उपदेश न करता ऐकून घ्यावे. ऐकलेले चावडीवर बोलू नये.

३. कीटकनाशके घरात उघडी ठेवू नयेत. ती कुलूपबंद पेटीत ठेवून किल्ली दुसऱ्या विश्वासू माणसाकडे द्यावी. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलल्यास त्याला एकटे सोडू नये.

४. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. गरज पडल्यास रुग्णासोबत जिल्हा रुग्णालयात जावे.

५. औषधाचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. डॉक्टरांस विचारल्यावाचून ते बंद करू नये. घरी पुन्हा पुन्हा जाऊन चौकशी करावी.

औषधाने कर्ज फिटत नाही, हे खरे. म्हणून पीकविमा, कर्जाची फेररचना व सरकारी साहाय्य यांचे अर्ज भरण्यासही हातभार लावावा. परंतु सावरलेले मनच संकटातून वाट काढू शकते. पेरणी पुढल्या मृगात पुन्हा करता येते. गेलेला माणूस परत येत नाही.